वाकेन, पण मोडणार नाही!

मुलांनो, ‘मोडेन पण वाकणार नाही’ हे तुम्ही ऐकलं असेल. बांबूला विचाराल तर तो नेमकं उलटं सांगेल!

आमचं दिवेआगर म्हणजे नारळ-पोफळीच्या वाड्यांचं गाव. पावसाळ्यात इथले पऱ्हे फुगतात. ते ओलांडायला पोफळीचे सोट नाहीतर बांबू आडवे टाकतात. हाच साकव. एका श्रावणात तिसरीतली एक मुलगी शाळेत येताना साकव मधोमध मोडला आणि ती दप्तरासकट पाण्यात पडली. पाणी गुडघाभरच होतं म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “बाई, बांबू एवढा चिवट, मग मोडला कसा?”

उत्तर मला येईना. वाडीतल्या एका आजोबांना गाठलं. मोडका बांबू हातात घेऊन ते म्हणाले, “बाई, हा भुंगेऱ्यानं पोखरलाय. त्यातून सरळ टाकलेला. सगळा भार मधेच आला. आता कमानीचा करू.”

आजोबांनी तीन-चार वर्षांचे ओले बांबू निवडले. कोवळा बांबू चटकन वाकतो, पण वाळल्यावर आकसतो आणि ताकदीला कमी पडतो. मग लांब सळईनं पेरांमधले आतले पडदे फोडले. का? बंद पेर तापलं की आतली हवा आणि वाफ कोंडून बांबू फटाक्यासारखा फुटतो!

नंतर निखाऱ्यांच्या धगीवर बांबू फिरवत फिरवत शेकला. बांबूचे धागे एकमेकांना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो. तापला की तो मऊ पडतो. तेवढ्यात बांबू खुंट्यांमध्ये हळूहळू वाकवायचा, वरून ओलं फडकं फिरवायचं आणि पूर्ण गार होईपर्यंत तसाच अडकवून ठेवायचा. गार झाला की लिग्निन पुन्हा कडक होतो आणि वाक कायम राहतो. घाई केली तर मात्र कडाड्‌!

भुंगेरा लागू नये म्हणून बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवले. त्यामुळे भुंगेऱ्याला आवडणारी पिष्टमय द्रव्यं बरीचशी निघून जातात. मग दोन कमानी उभ्या करून त्यांवर कामट्या काथ्यानं बांधल्या, हाताला धरायला कठडा केला. दोन्ही काठांवर मोठे दगड पक्के बसवले.

दगड कशाला? घरी करून पाहा. पुस्तकांचे दोन सारखे गठ्ठे १२ सेंटिमीटर अंतरावर ठेवा. वर एक पोस्टकार्ड आडवं ठेवून मधोमध नाणी ठेवा. कार्ड लगेच झुकेल. आता दुसरं कार्ड कमानीसारखं वाकवून गठ्ठ्यांच्या मध्ये, पहिल्या कार्डाला टेकेल असं बसवा. आता जास्त नाणी पेलतील! कमान भार दोन्ही टोकांकडे ढकलते. गठ्ठे जरा सरकवा, कमान पसरलीच! आमच्या साकवाचे दगड म्हणजे हेच गठ्ठे.

इंडोनेशियातल्या बाली बेटावर तर एका शाळेत आयुंग नदीवर बांबूचा पूल आहे!

आई-बाबांनो, साकव दर वर्षी पावसाआधी तपासा. काथ्या सैल झाला असेल, बांबूतून भुसा गळत असेल तर तो बदला. मुलांनो, बांबू शेकणं मोठ्यांचं काम. आणि साकवावरून पाणी वाहत असेल तर बिलकूल पाऊल टाकू नका. त्या दिवशी शाळा बुडाली तरी चालेल!

ती मुलगी आता रोज कमानीवरून येते. पहिल्या दिवशी मधोमध थांबून तिनं खाली पाहिलं, कठडा हलवून बघितला आणि ओरडली, “बाई, हा नाही मोडत!”