हृदयाची हाक वेळीच ऐका

ल कॉर्बुझिए या वास्तुरचनाकाराने चंडीगढची आखणी मानवी देहाच्या कल्पनेवर केली. सेक्टर १ मधील कॅपिटॉल संकुल हे मस्तक, रस्त्यांचे जाळे म्हणजे रक्ताभिसरण आणि बँका, कार्यालये व दुकानांनी गजबजलेले सेक्टर १७ हे हृदय! या हृदयस्थानी, मधल्या प्रशस्त चौकात वाहनांना मज्जाव आहे. तेथे पायी चालणाऱ्यांचेच राज्य. शहराच्या हृदयाची एवढी निगा राखली जाते. घरातील स्त्रीच्या हृदयाचे काय?

'हृदयविकार हा पुरुषांचा आजार' हा समज आजही दृढ आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. २०१९ साली जगभरातील स्त्रियांच्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे ३५ टक्के मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे झाले. योगायोग असा, की १८१६ साली फ्रान्समध्ये रेने लाएनेक यांना स्टेथोस्कोप सुचला तो एका तरुण स्त्रीला तपासतानाच. तरीही स्त्रियांच्या हृदयविकाराचे निदान व उपचार पुरुषांच्या तुलनेत मागे पडतात, हे अमेरिकेतील डॉ. बर्नडीन हीली यांना १९९१ साली ठासून सांगावे लागले.

छातीत दुखणे वा दडपण येणे हे स्त्रियांमध्येही प्रमुख लक्षण आहे. मात्र त्याच्या जोडीला, क्वचित त्याच्याविनाही, धाप लागणे, मळमळ, दरदरून घाम, जबडा, मान, पाठ किंवा दंडात वेदना आणि अकारण थकवा जाणवतो. 'पित्त झाले असेल', 'कामाचा शीण असेल' असे म्हणून गृहिणी आले-लिंबू घेते आणि पुन्हा ओट्याशी उभी राहते. येथेच मोलाचा वेळ निसटतो. रक्तवाहिनी बंद झाल्यावर हृदयाचा स्नायू मिनिटागणिक निकामी होत जातो. अशा वेळी ११२ क्रमांकावर मदत मागवून तातडीने ईसीजीची सोय असलेले रुग्णालय गाठावे. स्वतः वाहन चालवू नये. सेक्टर १७ मध्ये कामानिमित्त येणाऱ्यांना सेक्टर १२ मधील, १९६२ साली स्थापन झालेली पीजीआय ही संस्था जवळ आहे. आपल्या गावी असे रुग्णालय कोठे आहे, हे प्रत्येक कुटुंबाने आधीच माहीत करून घ्यावे.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेनचे संरक्षण ओसरते आणि धोका वाढतो. मधुमेह असल्यास हे संरक्षण त्याआधीच दुबळे होते. गरोदरपणी रक्तदाब किंवा साखर वाढलेली असल्यास ती नोंद प्रसूतीनंतरही जपून ठेवावी व डॉक्टरांना आवर्जून सांगावी. मिश्री हीदेखील तंबाखूच, हे विसरू नये. रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल यांची नियमित तपासणी, दिवसाकाठी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ आणि आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालणे हे उपाय फारसे खर्चिक नाहीत. निदान झाल्यावर बरे वाटू लागले म्हणून औषधे परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे ठरते.

आपल्या घरात सर्वांच्या औषधांच्या वेळा जिच्या लक्षात असतात, तिचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता? उत्तर आठवत नसेल, तर पुढील भरणा तिच्या आरोग्याच्या खात्यात करावा. तो उद्यावर टाकू नये.