बंबखान्याचा जमाखर्च

नगरपालिकेच्या कोणत्याही खात्यातील गाडी जितकी अधिक धावेल तितकी ती किफायतशीर, असा हिशेबनिसांचा सर्वसाधारण दंडक आहे. परंतु अग्निशमन दलाची गाडी या दंडकाला सर्वस्वी अपवाद ठरते, कारण वर्षाचे बहुतेक दिवस ती जागच्या जागी उभी असते आणि तिचे सारे मोल वर्दी येताच ती निघू शकली की नाही, या एका गोष्टीवर ठरते.

१८८७ साली मुंबईचे अग्निशमन दल स्थापन झाले, त्या काळी वाफेचे पंप घोडे ओढीत, आणि वर्दी येवो वा न येवो, दाणावैरणीचा खर्च रोजच्या रोज खतावणीत पडत असे. मोटारबंब आले, तबेले उठले, आणि उभ्या गाडीला काही खर्चच नाही असा समज रूढ झाला. हा समज घातक आहे. ज्या बंबाच्या टाकीत साडेचार हजार लिटर पाणी असते, तो साडेचार टनांचे ओझे रात्रंदिवस अंगावर वागवीत असतो. मालट्रकची पाठ परतीच्या वाटेवर तरी हलकी होते, बंबाच्या कमानींना तो विसावा कधीच नाही. टायर झिजण्यापूर्वीच वयाने तडकतात. थंड इंजिन सुरू होताक्षणी पूर्ण वेगाने पिटाळावे लागते. आणि घटनास्थळी पोहोचल्यावर चाके थांबली, तरी त्याच इंजिनाच्या बळावर पंप तासन् तास चालतो. मापकात पाचसहा किलोमीटर वाढतात, यंत्राने मात्र रात्रभर राबणूक केलेली असते. म्हणून ज्या कार्यशाळेत तेलबदल आणि दुरुस्ती किलोमीटरांवरून ठरते, तिथला हिशेब मुळातच चुकीचा. इंजिनाचे आणि पंपाचे तास नोंदवहीत स्वतंत्र चढविणे हीच या खात्यातील पहिली काटकसर होय.

दुसरी काटकसर खरेदीच्या वेळी साधते. दरवर्षी सर्वांत कमी दराच्या निविदेमागे जाऊन निरनिराळ्या बनावटीच्या गाड्या घेतल्या, तर सुट्या भागांचे भांडार फुगते आणि तरीही हवा तो भाग सापडत नाही. फिटरला प्रत्येक गाडी नव्याने शिकावी लागते, चालकाला दुसऱ्या केंद्रावर गेल्याबरोबर अपरिचित कळा हाताळाव्या लागतात. काही वाहने मात्र एकमेवच असणार. २०१५ साली मुंबईने फिनलंडच्या बनावटीची नव्वद मीटर उंचीची शिडी घेतली. तिच्या देखभालीची तजवीज खरेदीच्या मंजुरीतच व्हावयास हवी, कारण ती नादुरुस्त झाली तर तिच्या जागी उभी करण्याजोगी जोडीदार गाडी सहजी मिळत नाही.

राखीव गाड्यांवर अंदाजपत्रकाची कात्री सर्वांत आधी चालते, याचे मला मनापासून दुःख होते. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा दलाचे ६६ जवान प्राणास मुकले आणि त्यांच्यासवे बंबही नष्ट झाले. शहरातील आगी त्यासाठी थांबल्या नव्हत्या.

लंडनच्या दलाने २००१ साली गाड्या सांभाळण्याचा हा सारा व्याप वीस वर्षांच्या कराराने खाजगी क्षेत्राकडे सोपविला. करार सांभाळणारी कंपनी पुढे आर्थिक अडचणीत सापडली आणि २०१२ साली तिची लंडनची शाखा अवघ्या दोन पौंडांना विकली गेली. दुरुस्तीचे काम बाहेर देण्यास माझी हरकत नाही; परंतु महानगराच्या बंबांचे भवितव्य परक्याच्या ताळेबंदावर अवलंबून राहावे, हे मला पटत नाही.

प्रश्न उरतो तो गाडी मोडीत काढण्याचा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे उलटलेल्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले आहे. नियम सुटसुटीत आहे, पण गजबजलेल्या केंद्रावर आठ वर्षांत खिळखिळा झालेला बंब आणि उपनगरात पंधरा वर्षे जपलेला बंब यांना तो एकाच मापाने मोजतो. पंधरा वर्षांची मर्यादा शेवटची मानावी आणि तिच्या आत प्रत्येक गाडीचे दप्तर दरसाल तपासावे: पंपाची क्षमता किती उतरली, गाडी कार्यशाळेत किती दिवस अडकली, दुरुस्तीवर किती रक्कम गेली. ज्या वर्षी ही रक्कम नव्या गाडीच्या वार्षिक घसाऱ्याला ओलांडू लागते, त्याच वर्षी तिच्या लिलावाचा आणि नव्या खरेदीचा प्रस्ताव एकत्रच स्थायी समितीपुढे जावा.