वाळूतला शिकारी, सव्वादोनशे वर्षांत

कॅलोमेरा अँगुलाटा हा टायगर बीटल नदीकाठच्या ओल्या वाळूतला भुंगेरा. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियस यांनी १७९८ साली त्याचे वर्णन केले ते टाचणीला टोचलेल्या नमुन्यावरून. पुढे शतकभर बहुतेक अभ्यास असाच चालला. १९१२मध्ये ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेत फाउलर यांचा खंड आला, त्यातही भर अंगावरच्या खुणांवरच होता. भुंगेरा जगतो कसा, ते नदीवर गेल्याशिवाय कळणार नव्हते.

माशी दिसली की तो सुसाट सुटतो, मध्येच थबकतो, पुन्हा सुटतो. अमेरिकेत कोल गिल्बर्ट यांनी नव्वदच्या दशकात त्याच्या जवळच्या नातलगांवर काम केले, तेव्हा या थबकण्याचा उलगडा झाला. धावण्याचा वेगच एवढा, की भक्ष्य डोळ्यांना नीट दिसेनासे होते! वाळू तापली की तो पाय ताणून अंग उचलून धरतो. अळी मात्र जागची हलत नाही. वाळूतल्या उभ्या बिळाचे तोंड ती आपल्या चपट्या डोक्याने बंद करून बसते. मुंगी टप्प्यात आली की निम्मे अंग बाहेर फेकून तिला धरते. पाठीवरचे आकडे बिळाच्या भिंतीत रुतलेले असतात, म्हणून झटापटीत ती स्वतः बाहेर ओढली जात नाही.

टायगर बीटलच्या जातींना ठरावीकच जागा लागते. म्हणून पिअरसन आणि कासोला यांनी १९९२मध्ये हे भुंगेरे जैवविविधतेचे निदर्शक म्हणून मांडले. आपल्याकडे भारतातल्या जातींची क्षेत्रपुस्तिका २०२०मध्ये आली.

तोवर वाळूउपशाने काठच खचू लागले होते. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. महाराष्ट्राने २०२३मध्ये ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याचे धोरण आणले. घर बांधणाऱ्याला वाळू स्वस्त मिळावी, हे रास्तच. पण हिशेब ब्रासचाच राहिला. पावसाळ्यात वाळू पुन्हा भरते, असे सांगितले जाते; भरतेही कुठे कुठे. जेसीबीच्या बकेटमधून गेलेल्या अळ्या पुराबरोबर परत येत नाहीत. पुराचे तसे त्यांच्यातल्या काहींना भय नाही : अ‍ॅमेझॉनकाठच्या फिओक्झांथा क्लुगी या जातीच्या अळ्या पाण्याखाली, प्राणवायूविना, कित्येक आठवडे तग धरतात.

वाळूघाटाचा लिलाव काढण्याआधी अळ्यांची बिळे मोजायला हवीत. काही मिलिमीटरची, काठ गुळगुळीत असलेली गोल भोके सकाळच्या तिरप्या उन्हात नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पाहणी अहवालात त्यांच्यासाठी एक रकाना असावा, आणि बिळे दाट असतील तो पट्टा उपशातून वगळावा.