३ मिलीमीटरची चूक आणि उसाची ट्रॉली

या आठवड्याच्या व्हिडिओत ट्रॉलीचं हब उघडून दाखवलंय. पण दुकान टाकणाऱ्यांसाठी काही गोष्टी कॅमेऱ्यासमोर राहून गेल्या, त्या इथे लिहितो.

सुरुवात माझ्याच चुकीने करतो. दुकानाचा पहिलाच सीझन होता. गिऱ्हाईक म्हणाला, "दादा, ३२२१० संपलंय का? मग बसेल ते द्या, ट्रॉली फडात भरून उभी आहे." मी ३०२१० काढून दिलं. दोन्हींचं आतलं माप ५० मिमी, बाहेरचं ९० मिमी. हातात घेतलं तर जुळे भाऊ. पण ३२२१० ची जाडी २४.७५ मिमी आणि ३०२१० ची २१.७५. ३ मिमी कमी पडल्यामुळे हब आत सरकलं, नट पिनच्या भोकाच्या पुढे गेला आणि स्प्लिट पिन धड बसली नाही. मिस्त्रीने तार गुंडाळून भागवलं. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या रस्त्यावर नट सैल होऊन चाक निघालं, ट्रॉली कलंडली. मागून येणारा मोटारसायकलवाला थोडक्यात वाचला. नुकसान पैशाचंच झालं, ते मी भरून दिलं. पण त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून माझा नियम एकच: "बसेल ते" विकायचं नाही.

नंबर वाचायला शिका

ट्रॉलीच्या हबमध्ये बहुतेक टेपर रोलर बेरिंग असतात. एका चाकाला दोन, आतलं मोठं आणि बाहेरचं लहान. मेट्रिक नंबरात शेवटच्या दोन अंकांना ५ ने गुणलं की एक्सलचं माप मिळतं: १० म्हणजे ५० मिमी, ०६ म्हणजे ३० मिमी. पण नुसत्या या मापावर जाऊ नका. पूर्ण नंबर जुळलाच पाहिजे. इंची बेरिंगला हा हिशोब लागू होत नाही. नंबर पुसला असेल तर व्हर्नियरने आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी अशी तिन्ही मोजा. जुना नग आणल्याशिवाय नवा देऊ नका. गिऱ्हाईक कुरकुर करेल, करू द्या.

कोन आणि कप जोडीनेच बदला. जुन्या कपावर नवा कोन चढवला की जुन्या कपाचे खड्डे नवे रोलर खातात.

हब कधी बदलायचं?

बेरिंग घालून झालं तरी कप हबमध्ये हाताने फिरत असेल, तर बसणी झिजलीय. पंच मारून किंवा पत्रा घालून भागवतात, पण ते भरल्या ट्रॉलीचं काम नव्हे. तडा गेला असेल, स्टडची भोकं लांबट झाली असतील, तरीही हब बदला. नवं हब घेताना स्टड किती, त्यांच्या वर्तुळाचं माप किती आणि दोन्ही बेरिंगचे नंबर काय, हे तिन्ही जुन्याशी ताडून पाहा. एक्सलची बेरिंग बसते ती जागा निळी पडली असेल किंवा तिथे चरे असतील, तर आधी एक्सलचं बघा, नाहीतर नवं बेरिंगही जाईल.

बसवताना आणि नंतर

जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढा. हबला लिथियम बेसचं ईपी-२ वापरा, दोन जातींची ग्रीसं एकत्र करू नका. तळहातावर घेऊन रोलरच्या फटीत दाबून भरा. हबची पोकळी मात्र ठासून भरू नका, गरम होतं. ऑइल सील दर वेळी नवं. चिखल-पाणी पहिलं तिथूनच शिरतं. कप छिन्नीने ठोकू नका, पितळी ड्रिफ्टने चारी बाजूंनी सारखा बसवा.

नट चाक हाताने फिरवत आवळा. चाक जड झालं की एक खाच मागे घ्या आणि नवी पिन घाला. चाक मोकळं फिरावं, पण डुगडुगू नये. पहिल्या खेपेनंतर जॅक लावून वर-खाली हलवून पुन्हा बघा. प्रवासानंतर हबजवळ हात न्या. बाकीची कोमट आणि एकच चटका देणारं असेल, तर ते उघडा: ग्रीस संपलंय, नट जास्त आवळलाय किंवा ब्रेक घासतोय.

आता धंद्याचं

ऊसपट्ट्यात दुकान असेल तर माल दसऱ्याच्या आत भरा. सगळे नंबर नकोत. आसपासच्या ट्रॉल्या फिरून बघा, कुठले चार-पाच नंबर सारखे लागतात ते लिहा आणि तेवढेच पुरेसे ठेवा. बेरिंग, सील, पिन आणि ग्रीस असा एक संच करून विका. गिऱ्हाइकाची दुसरी खेप वाचते, तुमचं बिल वाढतं. माल अधिकृत डीलरकडूनच आणि पक्क्या बिलाने घ्या. नामांकित कंपनीचा डबा निम्म्या भावात मिळत असेल तर आत काय असेल, हे विचारायची गरज नाही.

आणि एक वही ठेवा: ट्रॉली कोणाची, कुठला नंबर दिला, कोणत्या तारखेला. पुढच्या वर्षी सीझनआधी त्या वहीतूनच फोन करा. माझं निम्मं गिऱ्हाईक त्या वहीतून येतं.

तो पहिल्या सीझनचा गिऱ्हाईकही येतो. दर वेळी जुनं बेरिंग काउंटरवर ठेवतो आणि हसत म्हणतो, "दादा, जाडी मोजा."

मी मोजतो. तुम्हीही मोजा.