टपालाचे पाखडण

आमच्या तानसाकडे भात पाखडताना जाणती बाई सूप फार जोराने उडवीत नाही. कोंड्याबरोबर दाणाही जातो. संगणकावरील टपालाचे असेच आहे.

तांत्रिक विषयांवर चर्चा करणाऱ्यांची एक सामाईक यादी असते. एकाने धाडलेला ई-मेल सर्वांना मिळतो. अर्थात एका जाहिरातीचा उपद्रवही सर्वांनाच! हा प्रकार जुना आहे. मे १९७८ मध्ये अमेरिकेत गॅरी थर्क यांनी आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना एकदम पाठविली होती.

हा कोंडा निवडावा कसा? 'स्पॅमअसॅसिन' ही प्रणाली प्रत्येक संशयास्पद खुणेला गुण देते. एरवी ५ गुण भरले की पत्र केरात जमा. पॉल ग्रॅहम यांनी २००२ मध्ये निराळी वाट सुचविली. कोणता शब्द चांगल्या पत्रांत किती वेळा येतो नि वाईटांत किती, हे मोजायचे आणि नव्या पत्रातील सर्वांत बोलक्या १५ शब्दांवरून निवाडा करायचा. त्यात चांगल्या पत्रांतील शब्दांची मोजणी त्यांनी मुद्दाम दुप्पट धरली. मला हेच खरे शहाणपण वाटते. जाहिरात दिसली तर क्षणभर चीड येते. हरवलेल्या पत्राचा मात्र कुणाला पत्ताही लागत नाही.

आणि येथे आपला संबंध येतो. 'स्पॅमअसॅसिन'मध्ये ठराविक भाषाच मान्य केल्या, तर इतर भाषेतील पत्राला तेवढ्याच कारणाने गुण चढतात. म्हणजे शहापूरच्या विद्यार्थ्याची मराठीतील रास्त शंकाही संशयितच! त्यापेक्षा 'मेलमन'ची रीत बरी: बिगरसभासदाचे पत्र तो सहसा अडवून ठेवतो आणि यादीचा नियंत्रक, बहुधा बिनपगारी, ते वाचून पुढे सोडतो.