बॅबिन्स्कींचा अंगठा

२२ फेब्रुवारी १८९६ रोजी पॅरिसच्या ‘सोसिएते द बिओलोजी’ या संस्थेच्या सभेत एका अडतीस वर्षांच्या डॉक्टरांनी एक टिपण मांडलं. छापून आलं तेव्हा त्याच्या जेमतेम २८ ओळी भरल्या. अर्धांगाच्या काही पेशंटांच्या तळव्याला टोचलं, तर निकामी बाजूच्या पायाची बोटं खाली वळण्याऐवजी वर उचलली जातात, एवढंच त्यात म्हटलं होतं. चांगल्या बाजूची बोटं नेहमीसारखी खाली वळतात. हे सांगून डॉक्टर खाली बसले.

त्या डॉक्टरांचं नाव न घेता आज एमबीबीएसचा कुठलाही विद्यार्थी पास होत नाही. नावापलीकडे मात्र त्यांच्याबद्दल फारसं कुणाला ठाऊक नसतं. रशियन असावेत, असा पुष्कळांचा समज असतो. मी त्यांचा जुना भक्त आहे, तेव्हा या लेखात समतोल वगैरे शोधू नये.

जोसेफ बॅबिन्स्की जन्माने पॅरिसकर आणि रक्ताने पोलिश. पोलंड तेव्हा नकाशावर नव्हताच. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो अठराव्या शतकातच वाटून खाल्ला होता. वडील अलेक्सांदर हे इंजिनिअर, १८४८च्या धामधुमीत वॉर्सा सोडून पॅरिसला आलेले. १७ नोव्हेंबर १८५७ला जोसेफ जन्मले. थोरला भाऊ आंरी, त्याच्याकडे नंतर येऊच. बातिन्योलच्या पोलिश शाळेत शिक्षण, मग पॅरिस विद्यापीठ, १८८५ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसवर प्रबंध. आपल्याला दोन मायभूमी आहेत, असं ते पुढे अभिमानाने सांगत. बालपण इथेच आवरतो, कारण खरी गोष्ट साल्पेत्रिएर रुग्णालयात सुरू होते.

तिथे राज्य होतं ज्याँ-मार्तँ शार्को यांचं. आधुनिक न्यूरॉलॉजीचा पाया घालणारा हा माणूस. त्याच्या मंगळवारच्या तपासण्या आणि शुक्रवारची व्याख्यानं पाहायला डॉक्टरांबरोबर लेखक-नटही गर्दी करत. १८८५-८६च्या हिवाळ्यात फ्रॉइडही व्हिएन्नाहून येऊन इथे शिकून गेला. बॅबिन्स्की शार्कोंचे लाडके शिष्य. आंद्रे ब्रुइये या चित्रकाराने १८८७ मध्ये रंगवलेल्या अवाढव्य चित्रात दोघेही आहेत. पॅरिसला गेलो तेव्हा मी आयफेल टॉवरआधी हे चित्र पाहिलं. बायकोने ते अजून ऐकवायचं सोडलेलं नाही. वैद्यकीय विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत, एका बोळवजा जागेत ते टांगलेलं आहे. चार मीटरहून लांब असल्याने मागे सरकून पाहावं म्हटलं तर पाठ भिंतीला लागते.

शार्को श्रोत्यांकडे वळून बोलताहेत. शेजारी ब्लांश विटमन ही हिस्टेरियाची पेशंट बेशुद्धीत मागे कललेली आहे, आणि तिला मागून सावरून धरणारा उंचापुरा, दाढीवाला तरुण म्हणजे बॅबिन्स्की. परिचारिका हात पुढे करून तयारीत उभी आहे. पण माझी नजर खिळली ती श्रोत्यांच्या मागच्या भिंतीवर. तिथे एक रेखाटन लावलंय: हिस्टेरियाच्या झटक्यात शरीर धनुष्यासारखं वाकलेली बाई. ते नेमकं पेशंटच्या समोर येतं. झटक्यात शरीराने काय करायचं, ते तिला जणू लिहूनच दिलं होतं! गुरूंच्या पश्चात बॅबिन्स्कींनी जो आक्षेप घेतला, तो असा त्यांच्या उमेदीतल्या चित्राच्या भिंतीवरच टांगलेला आहे.

शार्को हयात असतानाच शिष्याला मोठा फटका बसला. १८९२च्या ‘आग्रेगासिओं’ या अध्यापकपदाच्या परीक्षेत परीक्षकांचे प्रमुख होते शार्ल बुशार, शार्कोंचेच जुने शिष्य आणि आता कट्टर प्रतिस्पर्धी. बॅबिन्स्की पडले. टूरेट सिंड्रोममुळे आपल्याला माहीत असलेले जिल द ला तूरेत हेही पडले. वैद्यकीय कॉलेजांतलं राजकारण आपल्याकडेच असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढा प्रसंग लक्षात ठेवावा. बॅबिन्स्कींनी ती परीक्षा पुन्हा दिली नाही. पुढच्याच वर्षी शार्को वारले. विद्यापीठाचं प्राध्यापकपद बॅबिन्स्कींना आयुष्यात कधीच मिळालं नाही. १८९५ पासून ते ‘ला पितिए’ रुग्णालयात विभागप्रमुख झाले आणि १९२२ला निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

ते जुनं पितिए आज नाही. १९११ मध्ये रुग्णालय साल्पेत्रिएरच्या शेजारी हललं आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुढे पॅरिसची मोठी मशीद उभी राहिली. तिथल्या अंगणात पुदिन्याचा गोड चहा मिळतो. ज्या जागी अंगठ्याचं लक्षण सापडलं तिथे बसून मी तो दोन पेले प्यायलो. वाढणाऱ्याला इतिहास सांगायचा मोह झाला, पण फ्रेंच आडवं आलं.

आता अंगठा. १८९६च्या टिपणात ‘बोटं’ असा मोघम उल्लेख होता. १८९८च्या व्याख्यानात बॅबिन्स्कींनी नेमकं बोट ठेवलं ते अंगठ्यावर, आणि १९०३ मध्ये बाकीची बोटं पंख्यासारखी फाकतात तेही नोंदवलं. हे आधी कुणाच्या नजरेला पडलंच नव्हतं असं नाही. रेमाक या जर्मन डॉक्टरांनी १८९३ मध्ये एका पेशंटच्या बाबतीत ते लिहून ठेवलं होतं. पण त्याचा अर्थ लावला बॅबिन्स्कींनी. मेंदूच्या पृष्ठभागापासून निघून मज्जारज्जूतून खाली उतरणारा ‘पिरॅमिडल’ मार्ग म्हणजे इच्छेनुसार हालचाल घडवणारी मुख्य वाहिनी. तिला कुठेही धक्का लागला, मग तो रक्तस्राव असो, गाठ असो की मणक्याचा दाब, तर अंगठा वर जातो.

तान्ह्या बाळात हा मार्ग पक्का झालेला नसतो. त्याच्या तंतूंवरचं वेष्टन पुरं व्हायचं असतं. म्हणून साधारण वर्षभरापर्यंत, कधी जरा पुढेही, बाळाचा अंगठा वर जाणं अगदी नॉर्मल. बाळ चालायला लागतं त्या सुमारास तो खाली वळू लागतो. मोठेपणी तो पुन्हा वर गेला, तर वरच्या केंद्राचा ताबा सुटला असं समजायचं. युरोपातल्या जुन्या चित्रांतल्या बाळ येशूचा अंगठा वर उचललेला काही ठिकाणी दिसतो, आणि त्यावर न्यूरॉलॉजिस्टांनी चक्क निबंध लिहिलेत. चित्रकारांनी निदान न करता निरीक्षण तेवढं अचूक केलं होतं.

तपासणी दिसते सोपी, पण येता येता वर्षं जातात. पेशंटला उताणं झोपवायचं, पाय सैल सोडायला सांगायचा. हॅमरच्या दांड्याचं बोथट टोक किंवा साधी किल्ली घ्यायची. टाचेपाशी, तळव्याच्या बाहेरच्या कडेवर टेकवायची आणि सावकाश करंगळीकडे ओढत न्यायची. तिथून चवड्यावरून आत वळवायची, पण अंगठ्याच्या बुडाआधी थांबायचं. नजर फक्त अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर. पहिली हालचाल काय होते तेवढंच महत्त्वाचं. गुदगुल्या होणारा माणूस अख्खा पायच ओढून घेतो, तो हिशेबात धरायचा नाही. खरा बॅबिन्स्की घाई करत नाही. अंगठा हळूहळू, जड झाल्यासारखा उचलला जातो. राउंडला हाउसमन म्हणतो, ‘सर, राइट प्लांटर अपगोइंग,’ आणि सगळ्या माना त्या पायाकडे वळतात. ‘बॅबिन्स्की निगेटिव्ह’ असं लिहिणाऱ्या मुलांवर आमचे सर भडकत. बॅबिन्स्की असतो किंवा नसतो, म्हणायचे.

पॅरिसमधल्या कुठल्या पुस्तकात न मिळालेली एक अडचण मात्र मला आपल्या वॉर्डातच भेटली. आयुष्यभर अनवाणी राबलेल्या माणसाचा तळवा. त्यावर कातडं साचलेलं असतं, भेगा पडलेल्या असतात. किल्ली फिरवत राहा, अंगठा ढिम्म हलत नाही. अशा वेळी कामाला येतात त्या चॅडॉक (१९११) आणि ओपेनहाइम (१९०२) यांच्या पर्यायी तपासण्या. घोट्याच्या बाहेरून खालच्या अंगाने ओरखडा द्यायचा, किंवा नडगीवरून बोटं दाबत खाली आणायची. सोलापूरकडच्या एका शेतकऱ्याचे पाय महिनाभर लटपटत होते. गावात कुणी अशक्तपणा म्हटलं, कुणी बाहेरची बाधा. तळव्याने काहीच सांगितलं नाही. घोट्याखाली ओरखडा दिला तेव्हा दोन्ही अंगठे संथपणे वर आले. पाठीच्या मणक्याचा क्षय मज्जारज्जूला दाबत होता. उपचार वेळेत सुरू झाले आणि दिवाळीनंतर तो चालत भेटायला आला.

याच्या उलटही घडतं. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन्ही पाय गेलेली एक मुलगी स्ट्रेचरवर आली. घरचे रडवेले. तळव्यावर किल्ली फिरवली, अंगठे टपकन खाली. बाकीची तपासणीही तेच सांगत होती. मज्जारज्जू शाबूत होता. तेवढं कळल्यावर तिच्याशी निवांत बोलायला सवड मिळाली.

बॅबिन्स्कींच्या शोधामागची खरी गरज हीच होती: शरीराचं दुखणं आणि मनाचं दुखणं यांची वाटणी. शार्कोंच्या व्याख्यानांत हिस्टेरिया वाटेल त्या आजाराचं सोंग घेई. पेशंटला ठरवून करता येणार नाही आणि डॉक्टरला सुचवून घडवता येणार नाही, असं काहीतरी बॅबिन्स्कींना हवं होतं. ते त्यांना पायाच्या टोकाशी सापडलं. १९०१ मध्ये त्यांनी हिस्टेरियाची व्याख्याच बदलली: जे सूचनेने उत्पन्न होतं आणि समजावणीने जातं तेच हिस्टेरिया. गुरूंच्या निधनाला आठच वर्षं झाली होती.

पण इथे माझी भक्ती जरा थबकते. समजावणीने जातं म्हटल्यावर, न जाणाऱ्याकडे संशयाने पाहायची वाट मोकळी झाली. पहिल्या महायुद्धात हादरलेले, लुळे पडलेले हजारो सैनिक आले, तेव्हा बॅबिन्स्कींचेच शिष्य क्लोव्हिस व्हँसाँ यांनी त्यांना विजेचे जबर झटके देऊन ‘समजावलं’. १९१६ मध्ये एका सैनिकाने उपचार नाकारत व्हँसाँ यांना मारलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. तो सैनिक मला अजिबात चुकीचा वाटत नाही. हेच व्हँसाँ आणि तिएरी द मार्तेल यांनी पुढे फ्रान्समध्ये न्यूरोसर्जरी उभी केली, आणि गाठ नेमकी कुठे आहे हे त्यांना सांगणारे होते बॅबिन्स्की. आपल्या कामात बॅबिन्स्कींना हेच सर्वांत मोलाचं वाटे. मी असतो तर माझं मत अंगठ्याला पडलं असतं.

बाकीचं काम भराभर सांगतो, नाहीतर संपादक कात्री लावतील. लहान मेंदूच्या बिघाडात हाताची उलटसुलट जलद हालचाल जमत नाही, हे लक्षण त्यांचं. डावी बाजू लुळी पडलेली असताना ती पडलीच नाही असं मानणाऱ्या पेशंटांचं १९१४ मधलं वर्णन त्यांचं. हात हलवा म्हटलं तर अशी व्यक्ती गप्प तरी बसते किंवा ‘हलवला की’ म्हणते. स्ट्रोकच्या वॉर्डात हे पाहिलेला माणूस ते विसरत नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढायची युक्ती घेऊन पोर्तुगालचे एगास मोनीझ १९२७ मध्ये पॅरिसला आले, तेव्हा वृद्ध बॅबिन्स्की सभेत होते.

घर मात्र निराळंच. जोसेफ आणि आंरी, दोघेही अविवाहित, बूलव्हार ओसमानवर एकत्र राहत. आंरी खाणींचे इंजिनिअर. सोन्या-हिऱ्यांच्या शोधात देशोदेशी हिंडताना स्वयंपाकाचा नाद लागला आणि १९०७ मध्ये ‘आली-बाब’ या टोपणनावाने त्यांनी ‘गास्त्रोनोमी प्राटिक’ हा पाकग्रंथ काढला. पुढच्या आवृत्त्यांत तो हजार पानांपलीकडे फुगला, खवय्यांच्या लठ्ठपणावरच्या उपचारांसह. घरून ‘सुफ्ले फुगत आलाय’ असा निरोप आला की बॅबिन्स्की राउंड आवरता घेत, अशी दंतकथा आहे. सुफ्ले थांबत नाही, त्यामुळे माझा तिच्यावर विश्वास आहे.

त्यात जोसेफना नाटकाचाही नाद. १९२१ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर मुलींच्या शाळेतल्या खुनाचं ‘ले देत्राके’ हे भयनाट्य आलं. सहलेखक कुणी ‘ओलाफ’. हे ओलाफ म्हणजे बॅबिन्स्की, हे फार उशिरा बाहेर आलं. लेखक आंद्रे ब्रतोंने आपल्या ‘नाद्या’ या पुस्तकात या नाटकावर पानंच्या पानं लिहिली, आणि गंमत म्हणजे वैद्यकाचा विद्यार्थी असताना तो बॅबिन्स्कींच्याच हाताखाली होता. कादंबरीकार मार्सेल प्रूस्तही त्यांचा पेशंट. मेंदूला काहीतरी झालंय या धास्तीने तो १९१८ मध्ये कवटी उघडा म्हणून मागे लागला होता. बॅबिन्स्कींनी साफ नकार दिला. नोव्हेंबर १९२२ मध्ये प्रूस्तच्या मृत्युशय्येपाशी उभ्या डॉक्टरांतही ते होते.

शेवटी त्यांना पार्किन्सन्सने गाठलं. आंरी १९३१ मध्ये गेले आणि २९ ऑक्टोबर १९३२ला जोसेफ. पॅरिसजवळच्या माँमोरांसी इथल्या, पोलिश निर्वासितांच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे.

हे लक्षण कालबाह्य झालं, असं म्हणणारेही आहेत. २००५ मध्ये एका अभ्यासाने दाखवलं की तेच पाय तपासताना डॉक्टरांचं अंगठ्याबाबत एकमत होत नाही, पाऊल जलद आपटायला सांगणं जास्त भरवशाचं ठरतं. बरोबर आहे, घाईत तपासलं तर अंगठा फसवतोच. पण तालुक्याच्या गावी एमआरआय चाळीस किलोमीटरवर असतो आणि किल्ली खिशात. म्हणून वाचकांना एक विनंती. घरातल्या कुणाच्या पायातलं बळ अचानक कमी झालं, चाल बदलली, तर मालिश आणि टॉनिकात आठवडे घालवू नका. आणि डॉक्टरांनी मोजे काढायला सांगितलं तर संकोचू नका. त्यांनी सांगितलं नाही, तर तुम्हीच काढून बसा.