‘ओंक्ल’ म्हणजे मूळचा मामा

आपल्या मॉरिशसमध्ये घरी काका येवोत की मामा, बरीच मुले दोघांनाही ‘तोंतों’ म्हणतात. फ्रेंच ‘ओंक्ल’चेही तसेच आहे. पण हा शब्द ज्या लॅटिन ‘अवुंकुलुस’वरून आला, त्याचा अर्थ फक्त मामा, शब्दशः ‘छोटे आजोबा’. काकांसाठी ‘पात्रुउस’ हा वेगळा शब्द होता. ‘तांत’ हीदेखील मूळची ‘अमिता’, म्हणजे आत्या; मावशी होती ‘मातेर्तेरा’. पुढे फ्रेंचमध्ये काका व मावशी यांचे शब्द लोपले. स्पॅनिश ‘तिओ’ तर ग्रीकमधून लॅटिनमार्गे आला.

वापर थांबला की शब्द जातो. म्हणून पालकहो, घरी मुलांना काकांना काका आणि मामांना मामाच म्हणायला शिकवू या.